इतिहासाच्या न्यायासनासमोर चर्चिल

जानेवारी १९४८ मध्ये ब्रिटनच्या लोकसभेत बोलताना विन्स्टन चर्चिल यांनी एक मार्मिक कोटी केली होती. भूतकाळाचा निवाडा इतिहासावर सोपवणे सर्वच पक्षांना हिताचे ठरेल, विशेषतः तो इतिहास आपण स्वतःच लिहिणार आहोत, असे त्यांच्या बोलण्याचे तात्पर्य होते. सभागृह हसले असेल. परंतु ती थट्टा नव्हती. पुढे महायुद्धाच्या इतिहासाचे त्यांचे सहा खंड प्रसिद्ध झाले, १९५३ मध्ये त्यांना साहित्याचे नोबेल पारितोषिक मिळाले आणि दोन पिढ्यांनी ते महायुद्ध बहुतांशी चर्चिल यांच्याच डोळ्यांनी पाहिले. आरोपीनेच निकालपत्र लिहावे आणि जगाने ते प्रमाण मानावे, असा प्रकार इतिहासात विरळाच.

या खंडांमध्ये हिंदुस्थानविषयी एक विलक्षण विधान आढळते. महायुद्धाच्या भीषणतेपासून हिंदुस्थानातील जनतेइतके संरक्षण जगातील दुसऱ्या कोणत्याही मोठ्या जनसमूहाला लाभले नाही आणि ब्रिटनच्या चिमुकल्या बेटाने या देशाला आपल्या खांद्यावरून पलीकडे नेले, असा त्याचा आशय आहे. ज्या युद्धात २५ लक्ष हिंदी सैनिक ब्रिटनच्या बाजूने उभे राहिले, ज्या युद्धाच्या अखेरीस ब्रिटनच हिंदुस्थानचा सुमारे १३० कोटी पौंडांचा देणेकरी झाला होता आणि ज्या युद्धाच्या ऐन मध्यावर बंगालमध्ये लक्षावधी माणसे अन्नान्न करीत मेली, त्या युद्धाविषयीचे हे विधान आहे. कोण कोणाच्या खांद्यावर बसले होते?

चर्चिल यांचे मोठेपण नाकारण्याचे कारण नाही. मे १९४० मध्ये फ्रान्स कोसळत असताना आणि परराष्ट्रमंत्री हॅलिफॅक्स इटलीच्या मध्यस्थीची शक्यता चाचपून पाहत असताना हा माणूस ठाम उभा राहिला नसता, तर युरोपचे भवितव्य काय झाले असते, याची कल्पनाही करवत नाही. हिटलरशी तडजोड नाही, हा त्यांचा निर्णय मानवजातीच्या हिताचा होता. २००२ मध्ये बीबीसीच्या प्रेक्षकांनी त्यांना सर्वश्रेष्ठ ब्रिटिश व्यक्ती ठरवले, ते याच कर्तृत्वासाठी. प्रश्न इतकाच आहे, की एका खंडातील पुण्याईने दुसऱ्या खंडातील पाप धुऊन निघते काय?

पन्नासचे मन्वंतर म्हणून बंगाली माणूस ज्याची आठवण काढतो, ते बंगाली सन १३५० चे, म्हणजे १९४३ चे महासंकट केवळ निसर्गाच्या कोपाने ओढवले नव्हते. ऑक्टोबर १९४२ मध्ये मेदिनीपूरच्या किनाऱ्यावर भीषण चक्रीवादळ झाले, भातावर रोग पडला, ब्रह्मदेश जपानच्या हाती गेल्याने तिकडील तांदूळ बंद झाला, हे सारे खरे. परंतु जपानी सैन्य उतरलेच तर त्याच्या हाती काही लागू नये, म्हणून किनारपट्टीवरील तांदूळ आणि हजारो होड्या सरकारनेच आधी काढून घेतल्या होत्या. नद्यांच्या त्या प्रदेशात होडी गेली म्हणजे कोळ्याची मासळी गेली, कुंभाराचा बाजार गेला, शेतकऱ्याचे पलीकडच्या तीरावरील शेतही गेले. युद्धखर्चासाठी छापलेल्या नोटांनी उरलेले काम केले. डिसेंबर १९४२ मध्ये कलकत्त्यात मणाला १३-१४ रुपये असलेला तांदूळ पुढच्या ऑगस्टमध्ये ३७ रुपयांवर गेला. शहरातील कारखाने आणि कचेऱ्या यांना धान्य मिळत राहिले. भूमिहीन मजूर मात्र रस्त्यावर येऊन मेला. अमर्त्य सेन यांनी १९८१ मध्ये आकडेवारीनिशी दाखवले, की १९४३ मधील धान्याची उपलब्धता १९४१ पेक्षा कमी नव्हती. २०१९ मध्ये गांधीनगरच्या आयआयटीतील संशोधकांनी जमिनीतील ओलाव्याचा अभ्यास करून हा दुष्काळ अवर्षणाचा नव्हता, असा निष्कर्ष काढला. चौकशी आयोगाने बळींचा आकडा १५ लक्ष धरला. नंतरचे अभ्यासक तो ३० लक्षांच्या आसपास नेतात.

या काळात दिल्लीहून लंडनला धान्यासाठी तारांवर तारा जात होत्या. ऑगस्ट १९४३ मध्ये युद्धमंत्रिमंडळाने मागणीच्या मानाने अत्यल्प धान्य देऊ केले. जहाजे नाहीत, हे उत्तर ठरलेले होते. अटलांटिकमधील जर्मन पाणबुड्यांनी जहाजांची टंचाई निर्माण केली होती, हे चर्चिल यांच्या समर्थकांचे म्हणणे खोटे नाही. एप्रिल १९४४ मध्ये त्यांनी स्वतः अध्यक्ष रूझवेल्ट यांच्याकडे जहाजे मागितली आणि ती मिळाली नाहीत, हेही नोंदवले पाहिजे. मात्र ती मागणी आली तेव्हा कलकत्त्याच्या पदपथांवरील प्रेते उचलून कित्येक महिने लोटले होते.

टंचाईच्या काळात राज्यकर्त्याला निवड करावीच लागते. ती करताना त्याच्या मनात काय होते, हे इतिहासाने तपासायचे असते. येथे साक्षीदार चर्चिल यांच्याच पक्षाचे आणि प्रशासनाचे आहेत. भारतमंत्री लिओ अॅमरी हे साम्राज्याचे कट्टर पुरस्कर्ते, चर्चिल यांचे शाळेपासूनचे परिचित. त्यांच्या रोजनिशीत हिंदी लोकांविषयी आणि त्यांच्या धर्माविषयी चर्चिल यांनी काढलेले तुच्छतेचे उद्गार नोंदलेले आहेत. व्हाइसरॉय वेव्हेल हे तर सैनिक. धान्याच्या तारेला उत्तर आले नाही, गांधीजी अजून मेले कसे नाहीत, अशी पृच्छा मात्र पंतप्रधानांकडून आली, अशी नोंद त्यांनी करून ठेवली आहे. अशा नोंदी ज्यांच्या दप्तरात आहेत, त्यांना कोणी हिंदी राष्ट्रवादी म्हणणार नाही.

अर्थात सारे खापर लंडनवर फोडून मोकळे होणेही अप्रामाणिकपणाचे ठरेल. बंगालमध्ये तेव्हा नाझिमुद्दीन यांचे मुस्लिम लीगचे मंत्रिमंडळ होते आणि नागरी पुरवठा खाते सुऱ्हावर्दी यांच्याकडे होते. दुष्काळ अधिकृतपणे जाहीर करण्याचेच या सरकारने टाळले, कारण तो जाहीर करताच मदतीची कायदेशीर जबाबदारी अंगावर आली असती. धान्य दडवून ठेवणारे व्यापारी आपलेच होते आणि प्रांताबाहेर धान्य जाऊ न देणारी प्रांतिक सरकारेही येथलीच. डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी यांनी मदतकार्य उभारता उभारता या अनागोंदीवर जे लिहिले, त्यात कोणाचीच गय केलेली नाही. ‘स्टेट्समन’ या इंग्रजी मालकीच्या पत्राचे संपादक इयान स्टीफन्स यांनी ऑगस्ट १९४३ मध्ये भुकेलेल्यांची छायाचित्रे छापली, तेव्हा कोठे जगाला जाग आली. सरकारी चौकशी आयोगाने १९४५ मध्ये प्रांतिक आणि केंद्र सरकारला दोष दिला. लंडनच्या युद्धमंत्रिमंडळाकडे बोट दाखवण्याचे मात्र टाळले.

बंगलोर क्लबच्या जुन्या वहीत तरुण लेफ्टनंट चर्चिल यांच्या नावावर १३ रुपये थकबाकी आहे. ते पान तेथे मोठ्या कौतुकाने दाखवले जाते. वसाहतीचे ओझे आपल्याही मनावरून किती उतरले आहे, याचा हा एक नमुनाच.

जून २०२० मध्ये लंडनच्या पार्लमेंट चौकातील चर्चिल यांच्या पुतळ्याच्या चबुतऱ्यावर निदर्शकांनी त्यांना वंशवादी ठरवणारे शब्द रंगवले. त्याने काय साधले? रंग धुतला गेला आणि चर्चा पुतळ्याच्या विटंबनेवर घसरली. मधुश्री मुखर्जी यांनी २०१० मध्ये युद्धकाळातील कागदपत्रे चाळून जो ग्रंथ लिहिला, त्याने चर्चिल यांच्या प्रतिमेला दिलेला हादरा अशा शंभर डब्यांनी दिला नसता. त्या ग्रंथाचे प्रतिवादही झाले, अजून होत आहेत, ते व्हावेत. पण वाद आता लंडनच्या दप्तरखान्यापुरता राहता कामा नये. ज्यांनी ते दिवस पाहिले, त्यांतील सर्वात लहानांनीही आज ऐंशी ओलांडली आहे. मेदिनीपूर, चोवीस परगणा आणि सीमेपलीकडील बांगलादेशातील खेड्यांतून त्यांच्या साक्षी ध्वनिमुद्रित करण्याचे काम मोजक्या व्यक्तींच्या हौसेवर सोडून विद्यापीठे आणि शासन स्वस्थ बसले, तर आणखी दहा वर्षांनी विचारायला कोणी उरणार नाही.