वेगळा कप

गेल्या दिवाळीत माझा पुतण्या अर्जेंटिनाहून आला. कंपनीने त्याला तिकडे दीड वर्ष ठेवलं होतं. येताना त्याने आईला शाल आणली, मला चार पुड्या आणल्या. "काकू, तू चहाची दर्दी. हा तिकडचा चहा. मातेऽ म्हणतात."

आमच्या घरात चहावर माझाच शब्द चालतो, हे खरं आहे. माहेर कारंजा लाडचं, सासर बालाघाटचं. दोन्हीकडे कंदमूळ वर्ज्य, म्हणून आलं नाही. पण सुंठ, वेलची, गवती चहा यांच्यावर मी असा चहा करते की स्टेशनवरचा आल्याचा चहा पिणारे आमचे व्याहीसुद्धा दुसरा कप मागतात. तेव्हा दुपारी तीनला मी चारही पुड्या ओट्यावर मांडल्या. सासूबाई, मोठ्या जाऊबाई, मी आणि शेजारच्या वहिनी. पुरुष दुकानात. दिवस मावळायच्या आत पिऊन संपवायचं, म्हणून घाई.

ही पानं चहाची नाहीत. दक्षिण अमेरिकेतल्या एका सदाहरित झाडाची आहेत. अर्जेंटिनाचा ईशान्य कोपरा, पाराग्वे आणि दक्षिण ब्राझील इथे ते झाड होतं. तिथले मूळ रहिवासी गुआरानी लोक ही पानं आधीपासून पीत. स्पॅनिश लोक त्यांच्याकडून शिकले आणि जेझुइट पाद्र्यांनी पुढे आपल्या वसाहतींत त्याची लागवड केली. "हर्बल आहे, निर्धोक आहे," असं कोणी सांगेल तर ऐकू नका. यात कॅफीन असतंच. चातुर्मासात चहा सोडणाऱ्यांनी याला पळवाट समजू नये.

पहिली पुडी अर्जेंटिनाची, पानांत काड्या मिसळलेल्या. काड्यांमुळे कडूपणा जरा मऊ होतो. दुसरी उरुग्वेवाल्यांच्या आवडीची, बिनकाडीची, बारीक. एका घोटात जीभ आखडली. गंमत म्हणजे उरुग्वेत हे झाड पिकवत नाहीत, बहुतेक माल ब्राझीलहून येतो, आणि माणशी सर्वांत जास्त पितात तेच. तिसरी ब्राझीलची, हिरवीगार, मेंदीच्या पुडीसारखी भुकटी. ती मुरवत नाहीत, ताजीच वापरतात. चवीला ओल्या गवतासारखी. चौथी पाराग्वेची. ती तिकडे उन्हाळ्यात बर्फाच्या पाण्यात, पाला-मुळ्या कुटून घालून पितात. त्याला तेरेरे म्हणतात. 2020 साली युनेस्कोने पाराग्वेच्या या परंपरेला आपल्या वारसा-यादीत घेतलं. आम्ही मुळ्या वगळल्या, पुदिना घातला. बालाघाटच्या मे महिन्यासाठी बरी आहे.

पाणी उकळतं घालायचं नाही, एवढं पुतण्याने बजावलं होतं. सत्तर-ऐंशी अंशांवर उतरवायचं, नाहीतर पानं जळतात. आणि तेही तोंडाला कढत लावायचं नाही. पासष्ट अंशांवरची पेयं घशाला घातक असू शकतात, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने 2016 साली सांगितलं. आपल्या आज्या चहा बशीत ओतून पीत, त्यांना हे कोणी सांगावं लागलं नव्हतं.

सोबत भोपळ्याचं एक छोटं भांडं होतं आणि धातूची एक नळी, खाली गाळणी असलेली. पुतण्या म्हणाला, तिकडे सगळे एकाच भांड्यातून, एकाच नळीने पितात. एकजण पाणी ओततो आणि भांडं फिरतं. घरचे, शेजारी, गाडी दुरुस्त करायला आलेला मेकॅनिक, सगळे. आणि जो ओततो, तो पहिला कडू घोट स्वतः पितो. मग इतरांना देतो.

सासूबाईंनी नळी दोन बोटांनी उचलून बाजूला ठेवली. "उष्टं? आपल्या घरात?"

सासूबाईंचं चूक नव्हतं. उष्ट्यात, लाळेत अंतर्मुहूर्तात, म्हणजे अठ्ठेचाळीस मिनिटांच्या आत, सूक्ष्म जीवांची उत्पत्ती होते, असं आपण मानतो. म्हणून तर आपल्याकडे ताट धुऊन ते पाणी पितात, उष्टी भांडी पडू देत नाहीत. 2020 साली करोना आला तेव्हा अर्जेंटिनाच्या सरकारनेही लोकांना सांगितलंच की मातेचं भांडं फिरवू नका. तेव्हा आम्ही भोपळा शोकेसमध्ये ठेवला, किटलीत पानं भिजवली, गाळली आणि आपापल्या कपात घेतली. इथवर सगळं नीट होतं.

इतक्यात मावशी आल्या, आमच्याकडे धुणीभांडी करणाऱ्या. मी म्हटलं, "मावशी, तुम्हीही चाखून सांगा." आणि जाऊबाईंचा हात आपोआप खिडकीत गेला. तिथे एक स्टीलचा पेला उपडा असतो. तो मावशींचा. बावीस वर्षं तिथेच आहे. मावशींनी तो घेतला, मोरीजवळच्या पायरीवर बसल्या, घोट घेतला, डोळे मिटले.

"याले धूर लागला हाय जी, बाई. पत्ता लाकडाच्या आगीवर सुकवला. अन् हा दुसरा जास्त दिवस ठेवलेला हाय."

मी पुडीवरचं पुतण्याकडून वाचून घेतलं. पानं आधी आगीच्या झळेतून काढतात, मग सुकवतात. अर्जेंटिनाची वर्षभर मुरवतात. मावशींचं अक्षरन् अक्षर बरोबर. का नसणार? मावशी उन्हाळ्यात बैहरकडच्या जंगलात तेंदूपत्ता तोडायला जातात. पन्नास पानांची एक गड्डी, हजार गड्ड्यांची एक मानक बोरी. फडावर ऊन देता देता पावसाचा शिंतोडा आला तर पानाचा वास कसा बदलतो, हे त्यांना नाकाने कळतं. आम्ही चौघी कप हातात धरून "कडू आहे", "गवतासारखं आहे" एवढंच बोललो होतो. त्या दुपारी घरातला खरा जाणकार पायरीवर बसला होता, खिडकीतल्या पेल्यासकट.

मला लाज वाटली. आणि मग राग आला, आधी स्वतःचा. कारण जाऊबाईंचा हात खिडकीत गेला नसता, तर माझा गेला असता.

म्हणून आज लिहिते आहे. आपल्या बहुतेक घरांत हा पेला आहे. कुणाकडे खिडकीत, कुणाकडे बाल्कनीत, कुणाकडे कानतुटका कप. त्याच्या समर्थनाला आपण जे बोलतो, ते एकेक करून तपासू.

पहिलं म्हणजे उष्ट्याचा नियम. तो मला मान्य आहे, वर सांगितलंच. पण तो नियम लाळेला आहे, माणसाला नाही. माझी लाळ आणि मावशींची लाळ यांत शास्त्र भेद करत नाही. माझा कप जसा लगेच धुतला पाहिजे, तसाच त्यांचा. धुतल्यावर दोन्ही सारखेच शुद्ध. मग धुतलेले कप दोन वेगळ्या जागी का राहतात?

दुसरं स्वच्छता. भगिनींनो, आपले सगळे कप कोण घासतं? ज्या हाताने आपला कप स्वच्छ होतो, त्याच हाताने धरला तर तो बाटतो, हे गणित मला कोणीतरी समजावून सांगा.

तिसरं, "ते लोक खातात." म्हणजे अभक्ष्य. हे सगळ्यांत वजनदार कारण, आणि सगळ्यांत खोटं. आपल्याकडे साहेब लोक येतात, डॉक्टर येतात, बँकेचे मॅनेजर येतात. ते काय खातात, हे आपल्याला चांगलं ठाऊक असतं. त्यांच्यासाठी खिडकीतला पेला काढतो का आपण? त्यांच्यासाठी सोनेरी काठाचे कप निघतात. नियम आहाराचा असता तर तो साहेबालाही लागला असता. तो लागत नाही, याचा अर्थ नियम आहाराचा नाही, पायरीचा आहे.

चौथं, "त्यांनाच आवडत नाही वर बसायला, त्याच खाली बसतात." बावीस वर्षं वेगळा पेला हातात दिल्यावर कोणाची हिंमत होईल खुर्चीवर बसायची? आपण शिकवलेलं भय आपणच त्यांची आवड म्हणून सांगतो.

राहता राहिला धर्म. समंतभद्राचार्यांनी रत्नकरंड श्रावकाचारात आठ मद सांगितले आहेत, त्यांत कुळाचा आणि जातीचा मद आहे. त्याच ग्रंथात त्यांनी म्हटलं आहे की चांडाळाच्या पोटी जन्मलेला माणूसही सम्यग्दर्शनाने देवासमान ठरतो. राखेखाली झाकलेल्या निखाऱ्याचा दाखला दिला आहे. पर्युषणात आपण हे ऐकतो, मान डोलावतो, क्षमा मागायला गावभर फिरतो. मोरीजवळ बसलेल्या बाईची क्षमा आपल्यापैकी किती जणींनी मागितली? समवसरणात पशुपक्ष्यांनाही जागा आहे, असं मुलांना सांगतो आणि मुलांच्याच देखत पेला खिडकीत उपडा घालतो. मुलं कान देत नाहीत, डोळे देतात.

देशाचं म्हणाल तर महाडच्या तळ्याचं पाणी बाबासाहेबांनी 20 मार्च 1927 रोजी ओंजळीत घेतलं. 1950 पासून घटनेच्या सतराव्या कलमाने अस्पृश्यता रद्द आहे. 1955 च्या कायद्याने हॉटेलात कोणाला वेगळं भांडं देणं हा गुन्हा झाला. म्हणजे टपरीवाल्याला कायद्याचं भय आहे. आपल्या स्वयंपाकघरात शिपाई येत नाही, म्हणून आपण मोकळ्या.

आता ज्या गोष्टीसाठी मी लिहायला बसले, ती. वेगळं भांडं काय असतं, हे आपल्याला कोणी पुस्तकातून शिकवायला नको. तेराव्या वर्षी, माहेरी, मागच्या खोलीत आईने माझ्यासमोर एक तांब्या आणि एक पितळी ठेवली होती. चार दिवस पाणी वरून ओतायचे. धाकट्या भावाने विचारलं, "ताईला काय झालं?" कोणी उत्तर दिलं नाही. तो पेला हातात घेताना घसा कसा दाटतो, ते तुम्हाला माहीत आहे. तुमच्यातल्या कितीतरी जणी आजही महिन्यातले ते दिवस तसेच काढतात. आपल्याला चार दिवसांचं जे सोसवत नाही, ते आपण दुसरीला बारा महिने देतो. आणि देणारे हात पुरुषांचे नाहीत. पेला खिडकीत कोणत्या पुरुषाने ठेवला? त्यांना तो कुठे असतो, हेही ठाऊक नसतं. हा कारभार आपला आहे, म्हणून तो बंद करायला कोणाची परवानगीही लागत नाही.

कोणी म्हणेल, एका घोटाने अर्जेंटिना तुला एवढी चढली? नाही. एका भांड्यातून पिणारा देश म्हणजे स्वर्ग नव्हे. तिकडेही पान तोडणारे तारेफेरो मजूर गरीबच आहेत. आणि सगळ्यांनी एकाच नळीने प्या, असं मी म्हणतच नाही. अर्जेंटिनाचा माते सीरियातही खूप जातो, आणि तिथे जो तो आपापल्या छोट्या ग्लासात पितो. बिघडलं काय? वेगवेगळे कप चालतील. वेगळा कप चालणार नाही. सगळ्यांचे निरनिराळे असले तर ती सोय झाली. एकीचाच निराळा असला तर तो अपमान.

त्या लोकांकडून मी घेतलं ते एवढंच, की ओतणारा पहिला घोट स्वतः घेतो. आपल्याकडे करणारी सगळ्यांत शेवटी पिते, निवलेला, साय धरलेला. आणि तिच्याही नंतर मावशी, तळाचा. या रांगेला आपण संस्कार म्हणतो.

दुसऱ्या दिवशी मी मावशींना निळ्या फुलांच्या कपात चहा दिला, आमच्याच सेटमधला. जाऊबाई काही बोलल्या नाहीत, पण दोन दिवस माझ्याशीही बोलल्या नाहीत. सासूबाईंनी स्वतःचा कप वेगळा काढून ठेवला आणि स्वतःच धुतात. मी म्हटलं, हरकत नाही. तुमचं व्रत तुमच्या कपावर. मावशींनी पहिल्या आठवड्यात तो कप रोज तीन-तीनदा घासला. पायरीवरून उठायला त्यांना महिना लागला. एक दिवस स्टूल ओढून बसल्या आणि म्हणाल्या, "सुंठ जास्त झाली जी आज." बावीस वर्षांत पहिल्यांदा त्यांनी माझ्या चहाला नाव ठेवलं. झालीच होती सुंठ जास्त.

तुमच्या घरात तो पेला कुठे आहे, ते तुम्हाला माहीत आहे. उद्या सकाळी नवकारशीनंतर पहिला चहा होईल, तेव्हा तो तिथून काढा. आमचा आता चिन्नोरच्या तांदळाच्या डब्यात मापाला आहे. दोन पेले टाकले की सगळ्यांचा भात होतो.