आमच्या घरात पीएच.डी. आहे

मित्रांनो, सुरुवातीलाच एक कबुली देतो. माझं शिक्षण पहिली ते दहावी कॉन्व्हेंटमध्ये झालं. मराठी हा एक पेपर होता, बाकी सगळा कारभार इंग्लिशमध्ये. त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तर संपादक मंडळाने सांभाळून घ्यावं. हा लेख इंग्लिश विभागात देणं मला सोपं गेलं असतं, पण मग तो माझ्या आजीला वाचता आला नसता. आणि या लेखात आजीचा रोल मोठा आहे!

तर विषय असा. आपल्यापैकी जे लातूरचे आहेत, किंवा अकरावी-बारावीला लातूरला राहिले आहेत, त्यांना एक वाक्य नक्की माहीत असेल. "घरात बारावी आहे." या एका वाक्यावर सगळं माफ असतं. लग्नाला का आला नाहीत? घरात बारावी आहे. केबल का काढली? घरात बारावी आहे. पाहुणे बाहेरच्या खोलीतच चहा पिऊन निघतात, कुणी रागावत नाही. 'लातूर पॅटर्न' सगळ्या महाराष्ट्रात गाजला. त्यात कॉलेजं आणि क्लासेस आहेतच, पण निम्मा पॅटर्न घरात चालतो आणि तो बहुतेक वेळा आई चालवते.

आता माझा प्रश्न. घरात बारावी असते तेव्हा सगळं घर कामाला लागतं. मग घरात पीएच.डी. असते तेव्हा काय होतं?

आमच्या घरात २०१८ पासून पीएच.डी. आहे. माझी नाही हो, मम्मीची! मम्मी लातूरला एका कॉलेजात केमिस्ट्री शिकवते आणि तिचं रजिस्ट्रेशन नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठात आहे. विषय आहे बोअरच्या पाण्यातलं फ्लोराईड. पिण्याच्या पाण्यात लिटरमागे १.५ मिलिग्रॅमच्या वर फ्लोराईड गेलं की आधी दात खराब होतात आणि वर्षानुवर्षं तेच पाणी प्यायलं की हाडं. ज्या जिल्ह्याला २०१६ साली मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, तिथे माणसं खोल बोअरचं पाणी पितात. ते पाणी कसं आहे हे कुणीतरी मोजायला नको का?

पण मोजण्याचं काम किचकट. ठरलेल्या गावांतून, ठरलेल्या बोअरमधून नमुने घ्यायचे. एकदा पावसाळ्याआधी, मे महिन्यात, आणि एकदा पावसाळ्यानंतर, नोव्हेंबरमध्ये. एक हंगाम चुकला की तो पुढच्या वर्षीच येतो. नमुने काचेच्या नाही, प्लास्टिकच्या बाटलीत ठेवायचे आणि थंड ठेवायचे. त्यामुळे आमच्या फ्रिजचे दोन कप्पे पाण्याच्या बाटल्यांनी भरलेले. आजी पहिल्यांदा म्हणाली, "अगं माय, दूध ठेवायला जागा नाही, अन् तू बोअरचं पाणी गार करायलीस?"

याच्या जोडीला घर. आणि घराच्या जोडीला चर्च. आम्ही ख्रिस्ती. पप्पा मंडळीचे सेक्रेटरी आहेत. रविवारची उपासना, महिन्यातून एकदा आमच्याकडे घरसभा, मम्मीकडे लहान मुलांची शब्बाथ शाळा, डिसेंबरात नाताळचा फराळ. पप्पांचं मंडळीतलं काम सगळ्यांना दिसतं, त्यांना मान मिळतो. घरसभेला तीस माणसांचा चहा कुणी केला, ते मिनिट्समध्ये लिहिलेलं नसतं.

आणि मग गाईडची वेळ. सर चांगले आहेत, पण आठवडाभर बिझी, म्हणून रविवारी बोलवायचे. मम्मी पहाटेच्या एसटीने निघायची. लोहा, अहमदपूरचा रस्ता, साडेतीन-चार तास जाताना आणि तेवढेच येताना. मी तोपर्यंत नांदेडला होस्टेलवर आलो होतो. मी तिला गेटवर भेटायचो आणि ती माझ्या हातात डबा द्यायची. धपाटे, शेंगदाण्याची चटणी. प्रेझेंटेशनच्या दिवशीसुद्धा डबा! ते धपाटे किती वाजता उठून केले, हे विचारायचं मला कधी सुचलं नाही. रूमवर पाच मिनिटांत डबा फस्त.

असे बरेच रविवार गेले. चर्चमध्ये कुणीतरी बोललंच, "ताई आजकाल दिसत नाहीत, मोठ्या झाल्या वाटतं." त्याच रात्री मम्मीने मला फोन केला आणि शांतपणे म्हणाली, "मी सोडून देते रे." पप्पा म्हणाले होते, "तुझी इच्छा." मी म्हणालो, "चालेल मम्मी, तसंही तुला खूप प्रेशर येतं."

मला वाटलं मी किती समजूतदार!

पुढच्या वेळी ती परत द्यायची पुस्तकं घेऊन आली, तेव्हा तिचं नमुन्यांचं रजिस्टर मी सहज चाळलं. तारीख, गाव, बोअरची खोली, सगळं सुंदर अक्षरात. मे २०२१ चं पान कोरं. नोव्हेंबर २०२१ चं पानही कोरं. वर पेन्सिलीने एकच शब्द लिहिलेला : 'बारावी'.

माझी बारावी. मार्च २०२२ ची परीक्षा. मी बारावीत आणि सीईटीत मार्क काढले, चर्चमध्ये माझ्यासाठी आभाराची प्रार्थना झाली, पेढे वाटले. त्या पेढ्यांची किंमत रजिस्टरमध्ये दोन कोरी पानं होती आणि ती मला वीस वर्षांचा होईपर्यंत माहीत नव्हती.

मम्मीला विचारलं तर म्हणते, "मला त्याचं वाईट वाटत नाही, ती माझी निवड होती." मी तिचा मान ठेवतो. पण निवड म्हणजे दोन पर्याय समोर असणं. "तू नमुने घेऊन ये, याचं जेवण आम्ही बघतो," हा दुसरा पर्याय तिच्यासमोर कुणी ठेवला होता? पप्पांनी नाही, आजीने नाही, मी तर नाहीच.

म्हणून मला वाटतं की 'बॅलन्स' हा शब्दच फसवा आहे. नोकरी, घर, देवधर्म, संशोधन, सगळ्याचा बॅलन्स साधणारी बाई, असं आपण सत्कारात बोलतो. आपल्या भाषेत सांगायचं तर आपण घराचं सर्किट सिरीजमध्ये जोडतो. सगळा करंट एकाच माणसातून जातो, आणि ते माणूस उडालं की घरभर अंधार. मग म्हणतो, काय ताकदीचा कंडक्टर आहे! अरे, पॅरलल जोडा ना!

इतिहासात बघा. आनंदीबाई जोशी १८८६ साली फिलाडेल्फियाला एम.डी. झाल्या हे सगळ्यांना माहीत आहे. त्याच वुमन्स मेडिकल कॉलेजातून १८९२ साली आणखी एक मराठी बाई डॉक्टर झाल्या, गुरुबाई करमरकर. त्या ख्रिस्ती होत्या. त्यांचे पती सुमंतराव अमेरिकेतच ईशज्ञान शिकत होते, म्हणजे एकाच घरात दोन विद्यार्थी. परत येऊन गुरुबाईंनी मुंबईत अमेरिकन मराठी मिशनमध्ये वीसहून जास्त वर्षं रुग्णसेवा केली. श्रद्धा, संसार आणि पदवी यात भांडण नव्हतं, कारण शिक्षण हे दोघांचंही काम होतं.

पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून संपूर्ण बायबल मराठीत आणलं. एप्रिल १९२२ मध्ये त्या गेल्या, त्याच्या अगदी थोडं आधी शेवटची प्रुफं हातावेगळी झाली होती. हे काम कुठल्याही थिसिसपेक्षा मोठं. पण केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये खिळे जुळवायला आणि छपाई करायला तिथल्याच बायका-मुली होत्या. नाव एकीचं, हात अनेकींचे.

आणि उलटं उदाहरणही आहे. अहमदनगरच्या (आताचं अहिल्यानगर) ख्रिस्ती घरात जन्मलेल्या कृपाबाई १८७८ साली मद्रास मेडिकल कॉलेजात गेल्या. हुशारी होती, जिद्द होती. वर्षभरात तब्येत ढासळली आणि शिक्षण सुटलं. पुढे त्यांनी इंग्रजीत 'सगुणा' आणि 'कमला' या कादंबऱ्या लिहिल्या आणि १८९४ साली, अवघ्या बत्तिसाव्या वर्षी त्या गेल्या. शेवटी शरीर हेही एक मटेरियल आहे. त्यालाही ब्रेकिंग पॉइंट असतो.

काही जण म्हणतील, बायबलप्रमाणे बाईने घर आधी बघावं. आमच्याकडे मार्था आणि मरीयेची गोष्ट दरवर्षी सांगतात. येशू घरी येतो, मार्था स्वयंपाकात बुडालेली, मरीया त्याच्या पायाशी बसून ऐकते. मार्था तक्रार करते, पण येशू मरीयेला उठून स्वयंपाकघरात जा असं सांगत नाही, उलट तिची बाजू घेतो. शिकायला बसलेल्या बाईला त्याने उठवलं नाही, मग आपण कोण उठवणारे? आणि मला नेहमी पडणारा प्रश्न : घरातली बाकीची माणसं त्या वेळी काय करत होती? एखाद्याने मार्थाला हात लावला असता तर तीही येऊन बसली असती की!

विद्यापीठाच्या नियमांनासुद्धा हे थोडं कळतं. यूजीसीच्या २०१६ च्या नियमांत पीएच.डी.ला जास्तीत जास्त सहा वर्षं, बायकांना आणखी दोन वर्षं सवलत, आणि बाळंतपण व बालसंगोपनासाठी एकदा २४० दिवसांची रजा. चांगलंच आहे. पण मुलाची बारावी, सासूचं मोडलेलं हाड, मंडळीचा चहा, यासाठी कुठल्या नियमात रजा आहे? ती रजा घरानेच द्यायची असते.

मग आम्ही काय केलं? फार काही ग्रेट नाही. त्या दिवशी रजिस्टर बघून मी पप्पांना फोन केला. जरा जोरातच बोललो, नंतर सॉरीही म्हणालो, कारण पप्पा वाईट माणूस नाहीत, त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. पुढच्या रविवारी पप्पांनी कमिटीला सांगितलं की वर्षभर घरसभा आमच्याकडे नको. कुणी काही म्हणालं नाही. दोन घरांनी तर स्वतःहून हात वर केले.

मम्मीने सरांना विचारलं, रविवारऐवजी दुसरा आणि चौथा शनिवार चालेल का? सर म्हणाले, "मॅडम, आधी का नाही सांगितलं?" इतके महिने तिने विचारलंच नव्हतं! आता रविवारी थिसिसला हात लावायचा नाही, हा तिचा नियम आहे. सकाळी उपासना, दुपारी झोप. ती म्हणते, सहा दिवस काम होतं ते या एका दिवसामुळे. मला आधी वाटायचं की चर्च हे तिच्या डोक्यावरचं तिसरं ओझं आहे. तसं नव्हतं. ओझं चर्चच्या चहाचं होतं. श्रद्धा तर तिला थांबायची परवानगी देत होती.

त्या वर्षी नाताळचा फराळ बचत गटाकडून विकत आणला. करंज्या जरा कडक होत्या, पण प्रभू येशूचा जन्म तरीही झाला. पप्पा आता वरण-भात आणि अंड्याची पोळी करतात. मी सुट्टीत मम्मीला गाडीवर गावोगाव नेतो आणि बाटल्या भरतो. आणि आजी? आजी बाटल्यांवर लेबलं चिकटवते. चष्मा लावून एकेक गाव मोठ्याने वाचते आणि विचारते, "ह्या गावचं पाणी चांगलंय का गं? तिथं माझी मावसबहीण राहती."

थिसिस अजून सबमिट झालेला नाही. मम्मीची मुदत २०२६ मध्ये संपते. दोन चॅप्टर बाकी आहेत, आणि कोरी पानं कोरीच राहणार. वेळेत होईल की नाही, खरंच सांगता येत नाही. पण "सोडून देते" हे वाक्य परत आलेलं नाही.

प्रत्येकाच्या आईला पीएच.डी. करायची नसते, मान्य. कुणाची डी.एड. राहिली असेल, कुणाचं शिवणकाम, कुणाची दहावीच. मित्रांनो, या मासिकाचा अंक हातात येईल तेव्हा आपण सबमिशनच्या गडबडीत असू. तरी आज घरी फोन कराल तेव्हा "डबा पाठव" म्हणायच्या आधी एवढं विचारा, "आई, माझ्या बारावीच्या वर्षी तुझं काय राहून गेलं?"

आमच्या दारावर पप्पांनी एक कागद चिकटवलाय. पाहुणे हसतात, चहा पितात आणि लवकर निघतात. त्यावर लिहिलंय : घरात पीएच.डी. आहे.