दुर्बीण नाकारणारे ते नव्हेत

गॅलिलिओची गोष्ट मराठीत सांगायची झाली की जेझुइट पाद्री हमखास खलनायक ठरतात. दुर्बिणीला डोळा लावायलाच ज्यांनी नकार दिला ते हेच, असं व्याख्यानांतून ठासून सांगितलं जातं. हे धादांत खोटं आहे. तो नकार पादुआच्या क्रेमोनिनी या प्राध्यापकाचा, आणि तो जेझुइट नव्हता. उलट १६११ मध्ये रोमच्या जेझुइट विद्यालयातल्या ख्रिस्तोफर क्लाव्हियस आणि त्याच्या सहकाऱ्यांनी गुरूचे चंद्र नि शुक्राच्या कला स्वतः पाहिल्या आणि गॅलिलिओची निरीक्षणं खरी असल्याचं लेखी कळवलं. आपल्या कालनिर्णयावरची इंग्रजी तारीख ज्या १५८२ च्या दिनदर्शिका-सुधारणेतून आली, तिची मांडणी लिलिओ या वैद्याची. तिची आकडेमोड तडीस नेऊन टीकाकारांना उत्तरं दिली ती क्लाव्हियसनेच.

‘हे सगळं तिकडे रोमला, आपल्याला काय त्याचं?’ असं म्हणायलाही जागा नाही. मुंबईत अंधेरीला सीप्झ या औद्योगिक वसाहतीच्या आवारात सेंट जॉन द बॅप्टिस्ट चर्चचे भग्नावशेष उभे आहेत. ते चर्च जेझुइटांनी १५७९ मध्ये बांधलं. त्याच साली, पुढे ‘क्रिस्तपुराण’ लिहिणारे जेझुइट फादर स्टीफन्स गोव्यात उतरले. पुढे १६१८ मध्ये चीनला निघालेला बोहेमियाचा जेझुइट किरविट्झर गोव्याला पोहोचला आणि त्या वर्षअखेरीस दिसलेल्या धूमकेतूंची त्याने तिथून निरीक्षणं केली. गोवा आणि युरोप इतक्या लांबच्या दोन ठिकाणांहून पाहताना जवळची वस्तू ताऱ्यांच्या पार्श्वभूमीवर वेगवेगळ्या जागी दिसायला हवी. तशी ती दिसली नाही, तर ती फार दूर आहे. अशाच तर्काने रोमच्या ग्रासी या जेझुइटाने त्यांतला एक धूमकेतू चंद्राच्या पलीकडचा ठरवला. गॅलिलिओ मात्र तो प्रकाशाचा भास असू शकतो, असं म्हणत राहिला. या एका वादात ग्रासी बरोबर होता, गॅलिलिओ चुकला होता. एवढं कबूल केल्याने गॅलिलिओचं मोठेपण तसूभरही कमी होत नाही.

म्हणून जेझुइटांना डोक्यावर घेऊन नाचावं असंही नाही. १६१६ मध्ये कोपर्निकसच्या ग्रंथावर रोमने बंदी घातली आणि पृथ्वी फिरते हे सत्य म्हणून शिकवायची वाट त्यांनाही बंद झाली. आज्ञापालनाची शपथ घेतलेली ही माणसं. डोळ्यांना दिसलेलं प्रामाणिकपणे नोंदवायची, पण निष्कर्षाशी आली की थबकायची.

माझा खरा राग वेगळ्याच गोष्टीवर आहे. त्याच १६१६ मध्ये स्टीफन्सचं ‘क्रिस्तपुराण’ गोव्यात छापलं गेलं, अस्सल मराठी ओवीत. छापखाना तर १५५६ पासूनच होता. भाषा आली, छापायची सोय झाली, आकाश पाहणारेही येऊन गेले. आणि किरविट्झरची निरीक्षणं छापली गेली ती १६२० मध्ये, जर्मनीत, लॅटिनमध्ये. आरोप ठेवायचाच असेल तर तो इथे ठेवा: धर्म सांगायला त्यांनी मराठी शिकून घेतली, आकाश मात्र लॅटिनमध्येच ठेवलं.