धनकोंचा कौल आणि न्यायालयाची मर्यादा

वीरहून महामार्गाने मुंबईकडे निघालेला व्यापारी माणगाव व कोलाड मागे टाकून सुकेळीच्या परिसरात आला की महाराष्ट्र सीमलेस या कंपनीचा पोलादी नळ्यांचा कारखाना लागतो. रायगड जिल्ह्यातील या कंपनीच्या नावे सर्वोच्च न्यायालयाचा जो निकाल आहे, त्याचा संबंध उधारीवर माल देणाऱ्या प्रत्येक पेढीशी येतो.

तेलंगणातील युनायटेड सीमलेस ट्युब्युलार ही नळ्या बनवणारीच कंपनी कर्जात बुडाली आणि २०१७ मध्ये नादारी व दिवाळखोरी संहितेखाली तिचे प्रकरण दाखल झाले. ती विकत घेण्यासाठी महाराष्ट्र सीमलेसने ४७७ कोटी रुपये रोख देण्याची योजना मांडली. धनकोंच्या समितीने ८७.१० टक्के मतांनी ती स्वीकारली आणि २१ जानेवारी २०१९ रोजी हैदराबादच्या राष्ट्रीय कंपनी विधी न्यायाधिकरणाने तिला मंजुरी दिली. मात्र कंपनी मोडीत काढून विकली असती तर येणारी रक्कम, म्हणजेच समापन मूल्य, ५९७.५४ कोटी ठरले होते. या कारणावरून अपील झाले. अपील न्यायाधिकरणाने ८ एप्रिल २०१९ रोजी आदेश दिला की, खरेदीदाराने आणखी १२०.५४ कोटी भरावेत, अन्यथा योजना रद्द होईल.

२२ जानेवारी २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने हा आदेश रद्द केला. योजनेची रक्कम समापन मूल्याएवढी असलीच पाहिजे, असे संहितेत कोठेही म्हटलेले नाही. किती रकमेवर तडजोड करावी हा व्यापारी शहाणपणाचा प्रश्न असून तो धनकोंनी सोडवायचा आहे, न्यायाधीशांनी नव्हे. ५ फेब्रुवारी २०१९ चा के. शशिधर खटल्याचा निकाल आणि १५ नोव्हेंबर २०१९ चा एस्सार स्टीलचा निकाल यांचाही रोख हाच होता. समितीत ६६ टक्के मते मिळाली आणि कायद्याच्या अटी पाळल्या गेल्या की न्यायालय सौद्याचा आकडा बदलत नाही. फार तर कायद्याची अट राहून गेली असल्यास योजना समितीकडे फेरविचारासाठी परत पाठवते.

येथे एक प्रश्न उभा राहतो. हे ‘धनको’ कोण? समितीत मत असते ते बँका व वित्तसंस्थांना. माल वा सेवा देणाऱ्या व्यापाऱ्याला मत नाही. अशा सर्व व्यापाऱ्यांचे येणे मिळून एकूण कर्जाच्या १० टक्के वा अधिक असेल, तर त्यांचा एक प्रतिनिधी बैठकीस बसू शकतो, इतकेच. महाडच्या औद्योगिक वसाहतीतील एखाद्या कारखान्याला पिंपे, पॅकिंगचे साहित्य वा सुटे भाग पुरवणाऱ्या पेढीचे ४० लाख अडकले, तर त्या ४० लाखांचे काय करायचे हे इतरच ठरवणार. कंपनी मोडीत निघाल्यास जेवढे मिळाले असते तेवढे तरी व्यापाऱ्याला द्यावे, असे संहिता सांगते खरी. पण त्या क्रमात प्रक्रियेचा खर्च, कामगार व तारणधारक बँका, अन्य कर्मचारी, विनातारण कर्जदाते आणि सरकारी देणी या सर्वांनंतर व्यापाऱ्याची पाळी येते. तेथवर शिल्लक बहुधा शून्य असते.

मग आव्हान देता येते ते कशावर? मंजूर योजनेविरुद्ध अपिलाची कारणे कायद्याने मोजून दिली आहेत. योजना एखाद्या कायद्याच्या विरुद्ध असणे, प्रक्रिया चालवणाऱ्या व्यावसायिकाने अधिकार वापरताना गंभीर अनियमितता करणे, मालपुरवठादारांच्या देण्यांची विहित तरतूद नसणे, प्रक्रियेचा खर्च अग्रक्रमाने न फेडणे, अथवा नियामक मंडळाचा निकष मोडणे. ‘आमच्या वाट्याला फार थोडे आले’ हे कारण त्यात नाही. अपिलाची मुदत ३० दिवसांची, आणि सबळ कारण दाखवल्यास आणखी १५ दिवसांची आहे.

म्हणून पेढीचे हित न्यायालयात जाण्याआधीच राखावे लागते. प्रकरण दाखल झाल्याची जाहीर सूचना एका इंग्रजी व एका प्रादेशिक वृत्तपत्रात येते. त्यात दिलेल्या तारखेच्या आत फॉर्म बी भरून बिले, पोच आणि खातेउतारा जोडून दावा करावा. स्वतः प्रकरण दाखल करण्यासाठी १ कोटीची किमान मर्यादा असली, तरी दुसऱ्याने दाखल केलेल्या प्रकरणात लहान रकमेचाही दावा करता येतो. १३ एप्रिल २०२१ च्या घनश्याम मिश्रा खटल्यानंतर, मंजूर योजनेत समाविष्ट नसलेले येणे कायमचे संपुष्टात येते, हे स्पष्ट झाले आहे.

दुसरी दक्षता खातेवहीची. प्रक्रिया सुरू झाल्यानंतर त्या व्यावसायिकाच्या मागणीवरून दिलेला माल हा प्रक्रियेचा खर्च ठरतो आणि त्याचे पैसे सर्वांआधी व पूर्ण मिळावे लागतात. त्यासाठी जुने येणे व नवा पुरवठा यांची खाती त्या तारखेपासून वेगळी ठेवावीत, नव्या मालाची मागणी लेखी घ्यावी. ही दोन खाती एकत्र झाली तर अग्रक्रमाचा हक्क सिद्ध करणे जड जाते.

धनकोंच्या निर्णयावर न्यायालयाने हात आखडता घेतल्यामुळे बंद पडलेला कारखाना लवकर नव्या मालकाकडे जाण्याचा मार्ग मोकळा होतो आणि पुरवठादाराला पुन्हा गिऱ्हाईक मिळू शकते, हा त्यातील लाभ. जुन्या उधारीवर पाणी सोडावे लागण्याचा धोका, ही त्याची किंमत. एका गिऱ्हाइकाकडे किती उधारी साचू द्यायची, हा आकडा मात्र पेढीच्या स्वतःच्या हाती असतो. तो दरवर्षी दिवाळीच्या वहीपूजनापूर्वी तपासून पाहावा.