बुडेल हे धरून दिलेला पैसा

परदेशात जाऊन तंत्रज्ञानाच्या धंद्यात पैसा कमावायचा आणि पुढे तोच पैसा नवख्यांच्या कंपन्यांत घालायचा, अशा माणसाचा विषय आपल्याकडे निघाला की निकाल आधीच लागलेला असतो. कोणी म्हणतं, देशाच्या पैशावर शिकला आणि निघून गेला, त्याचं कौतुक कशाला? कोणी म्हणतं, हा निव्वळ सट्टा. नऊ बुडाले आणि एक लागला, यात कर्तृत्व कुठलं? आणि भंडाऱ्याकडे यावर कडी करणारं उत्तर मिळतं: ती आयआयटीवाल्यांची कामं, आपल्या पोरांनी त्या भानगडीत पडू नये. पहिली दोन मतं मला चुकीची वाटतात. तिसरं मात्र घातक वाटतं, आणि हा लेख मुख्यतः त्याच्याविरुद्ध आहे.

शहापूर हे नागपूरहून भंडाऱ्याकडे येताना महामार्गावर लागणारं गाव. जवळच जवाहरनगरची आयुध निर्माणी, गावात मनोहरभाई पटेलांच्या नावाचं अभियांत्रिकी महाविद्यालय, आणि अवतीभवती धानाच्या बांध्या. या महाविद्यालयातून बाहेर पडणाऱ्या मुलामुलींना वडीलधारी माणसं दोन वाटा दाखवतात: पुण्यात नोकरी, नाहीतर स्पर्धा परीक्षा. दोन्ही वाटा मानाच्या आहेत. पण स्वतःचं काही उभं करावं असं ज्याला वाटतं, त्याच्यापाशी घरातलं कोणी बसत नाही, पैसेवालं तर नाहीच. ज्यांच्या कारकिर्दीकडून या बाबतीत शिकता येईल, त्यांना आपण आक्षेप घेऊन मोडीत काढतो.

पळून जाण्याचा आक्षेप आधी घेतो. सुहास पाटील यांचा जन्म १९४४चा, बालपण जमशेदपूरच्या पोलादनगरीत. खरगपूरच्या आयआयटीतून ते १९६५ साली इलेक्ट्रॉनिक्सचे अभियंते झाले आणि अमेरिकेत एमआयटीत गेले. त्याच वर्षी अमेरिकेनं स्थलांतराचा कायदा बदलला. तोवर भारतीयांना वर्षाला शंभर जणांचा कोटा होता, तोही १९४६ साली मिळालेला. पाटलांनी डॉक्टरेट केली, एमआयटीत आणि मग युटा विद्यापीठात शिकवलं. प्राध्यापकाची भक्कम नोकरी सोडून १९८१ साली त्यांनी सॉल्ट लेक सिटीत ‘पाटील सिस्टिम्स’ काढली. १९८४ साली ती कंपनी कॅलिफोर्नियात आली आणि सिरस लॉजिक झाली. चिपचा आराखडा आपण करायचा, ती घडवायची दुसऱ्याच्या कारखान्यात, ही रीत आज जगभर रूढ आहे. तेव्हा ती धाडसाची होती आणि सिरस तिच्या पहिल्या फळीतल्या कंपन्यांपैकी एक होती. कंपनीचा कारभार चालवायला पाटलांनी मायकल हॅकवर्थ यांना आणलं आणि स्वतः तंत्राच्या बाजूला राहिले. १९८९ साली सिरसचे शेअर बाजारात आले.

आता विचारू या, की हा माणूस इथेच राहिला असता तर काय झालं असतं? उत्तर मोहालीत आहे. सरकारनं तिथे सेमिकंडक्टर कॉम्प्लेक्स ही चिपची कंपनी उभी केली. तिचं उत्पादन १९८४ साली सुरू झालं, म्हणजे सिरसला नाव मिळालं त्याच वर्षी. १९८९च्या फेब्रुवारीत ती आगीत भस्मसात झाली, म्हणजे सिरस बाजारात आली त्याच वर्षी. मोहालीच्या अभियंत्यांत बुद्धी कमी नव्हती. पण देशात चिपचा तो एकच मोठा प्रयत्न होता. तो जळाला आणि आपण कित्येक वर्षं मागे पडलो. कॅलिफोर्नियात शंभर कंपन्या एकाच वेळी धडपडत होत्या आणि त्यांतल्या कितीही बुडाल्या तरी उरलेल्यांत त्यांची माणसं आणि अनुभव जात होता. धडपडीला पैसा देणारी व्यवस्था तिथे होती. आपल्याकडे आयसीआयसीआय आणि युनिट ट्रस्टनं मिळून टीडीआयसीआय ही साहस भांडवलाची, म्हणजे नवख्या कंपन्यांत भागीदारीनं घालायच्या पैशाची, पहिली मोठी संस्था काढली ती १९८८ साली. सेबीचे या भांडवलासाठीचे पहिले नियम आले १९९६ साली. १९६५च्या तरुणाला राहून काय मिळालं असतं, ते या तारखांतच दिसतं.

देणं मात्र आहे. आयआयटीचं शिक्षण करदात्यांच्या पैशातून होतं आणि त्यात धानाच्या बांधीत राबणाऱ्याचाही वाटा असतो. हे देणं नाकारणाऱ्याची बाजू मी घेणार नाही. प्रश्न ते कसं फेडायचं हा आहे, आणि इथे कंवल रेखी यांचं उदाहरण बोलकं आहे. त्यांचं कुटुंब रावळपिंडीहून फाळणीत उखडून कानपूरला आलेलं. पवईच्या आयआयटीतून ते १९६७ साली बाहेर पडले, अमेरिकेत गेले, तिथे मंदीत नोकऱ्याही गमावल्या. १९८२ साली त्यांनी मित्रांबरोबर एक्सेलन ही कंपनी काढली. १९८९ साली ती नॉव्हेल या कंपनीत विलीन झाली. हातात पैसा आल्यावर ते दुसऱ्यांच्या पाठीशी उभे राहू लागले. एक्सोडस ही के. बी. चंद्रशेखर आणि बी. व्ही. जगदीश या दोन तरुणांची कंपनी. बँकेकडे तारण ठेवायला त्यांच्याकडे काही नव्हतं. रेखींनी सुरुवातीलाच पैसा घातला आणि वेळही दिला. त्याच चंद्रशेखरांना पुढे सेबीनं साहस भांडवलाचा विचार करणाऱ्या समितीचं अध्यक्ष केलं. समितीचा अहवाल २००० साली आला आणि त्यावरून नियम सुधारले गेले. पवईत रेखींच्या नावाचं माहिती तंत्रज्ञानाचं विद्यालय उभं राहिलं, हेही देणं फेडणंच. पण नियम बदलून आले हे मला त्याहून मोठं वाटतं. इथे बसून त्या काळात हे सुचणं अवघड होतं, कारण असा पैसा कसा चालतो हे फार थोड्यांनी पाहिलं होतं.

पाटील आणि रेखी दोघेही १९९२ साली स्थापन झालेल्या ‘टाय’ या संस्थेच्या संस्थापकांत आहेत, पाटील तिचे पहिले अध्यक्ष. यशस्वी झालेल्यानं नवख्याला वेळ द्यायचा, ओळखी करून द्यायच्या, पटलं तर पैसा घालायचा, एवढंच तिचं सूत्र. ॲनाली सॅक्सेनियन या संशोधिकेनं १९९९ साली दाखवलं, की १९८० ते १९९८ या काळात सिलिकॉन व्हॅलीत निघालेल्या तंत्रज्ञान कंपन्यांपैकी २४ टक्के भारतीय आणि चिनी अभियंते चालवत होते. त्याआधी हीच माणसं उत्तम अभियंते गणली जात, पण कंपनीची धुरा त्यांच्या हाती देताना गुंतवणूकदार कचरत. जिथे परक्यांच्या विश्वासाची वाट पाहावी लागते तिथे आपल्यातल्या पुढे गेलेल्यानं मागच्याला हात दिला, म्हणून हे चित्र पालटायला मदत झाली.

आता सट्ट्याचं. साहस भांडवलाच्या धंद्याला आधुनिक रूप देणारा माणूस स्वतः स्थलांतरितच होता. पॅरिसचे जॉर्ज डोरियो १९२१ साली अमेरिकेत आले, हार्वर्डमध्ये शिकवू लागले आणि १९४६ साली त्यांनी सहकाऱ्यांबरोबर अशा पहिल्या गुंतवणूक कंपन्यांपैकी एक काढली. १९५७ साली तिनं डिजिटल इक्विपमेंट या नव्या संगणक कंपनीत ७० हजार डॉलर घातले; पुढच्या दीड दशकाच्या आत त्यांची किंमत ३५ कोटी डॉलरांच्या वर गेली. आक्षेप घेणारे अशाच आकड्याकडे बोट दाखवून म्हणतात, लागला जॅकपॉट. पण पत्ता टाकल्यावर जुगाऱ्याच्या हातात काही उरत नाही. गुंतवणूकदाराचं काम पैसे दिल्यानंतर सुरू होतं: संचालक मंडळावर बसायचं, पहिलं गिऱ्हाईक शोधून द्यायचं, चुकीचा माणूस वेळेत ओळखायचा, आणि कधीकधी संस्थापकाला सांगायचं की आता हे बंद कर. यातलं प्रत्येक काम शिकावं लागतं. रेखी आणि पाटील आधी स्वतः कंपन्या चालवून मग या खुर्चीत आले, म्हणून त्यांच्या सल्ल्याला वजन होतं.

या आक्षेपात खरं आहे तेही सांगायला हवं. एक्सोडस २००१ साली दिवाळखोरीत गेली. आधीच्या दोन-तीन वर्षांत इंटरनेटच्या नावावर वाटेल त्या किमती लागल्या होत्या आणि उशिरा आलेल्या लहान शेअरधारकांचं नुकसान झालं. फंड चालवणारे साधारणपणे वर्षाला दोन टक्के शुल्क आणि नफ्यात वीस टक्के घेतात. फंड फसला तरी शुल्क मिळतच राहतं, हे मलाही खटकतं. तरीही कर्ज आणि भागीदारी यांतला फरक पुसला जात नाही. सावकार किंवा बँक तुमचं बुडालं तरी आपलं मागते. विदर्भात कर्जानं काय केलं आहे ते मी सांगायला नको. भागीदारीचा पैसा तुमच्याबरोबर बुडतो. पंचविशीतल्या मुलीचं घर आणि वावर गहाण न टाकता तिला चुकायची मुभा देणारी दुसरी व्यवस्था मला माहीत नाही.

आणि हे आपल्या मातीतलं नाही असं म्हणणाऱ्यांनी या जिल्ह्याचे तलाव पाहावेत. चांद्याच्या गोंड राजांच्या काळची रीत सांगतात, की जो तलाव बांधेल त्याला त्या पाण्यानं भिजणारी जमीन. या कामात नाव काढलं ते कोहळी समाजातल्या लोकांनी. काशीकडून आल्याचं तेच सांगतात, म्हणजे तेही बाहेरून आलेलेच. पाळ पहिल्याच मोठ्या पावसात फुटली तर सगळं गेलं. टिकली तर पिढ्यान्‌पिढ्यांचं धान. राजानं कर्ज दिलं नाही, यशात वाटा दिला. उणीवही सांगतो: पाळीवर माती टाकणाऱ्या मजुराला त्या वाट्यात काही मिळालं नाही, आणि पुढे इंग्रजी अमलात मालगुजारी, म्हणजे सारा वसूल करणाऱ्यांची गावावरची मालकी, घट्ट झाली तेव्हा अंतर आणखी वाढलं. सिलिकॉन व्हॅलीनं ही उणीव काही अंशी भरून काढली. तिथे कंपनीतल्या साध्या अभियंत्यालाही शेअर देण्याची पद्धत पडली. १९५०च्या कायद्यानं मालगुजारी गेली ती रास्तच गेली, पण तलाव सरकारकडे गेल्यावर पाळ सांभाळण्यात कोणाचाच वाटा उरला नाही, आणि गाळ भरत गेला.

मनोहरभाई पटेलही गुजरातेतून गोंदियाला आलेल्या घरातले. बिडीच्या धंद्यातला पैसा त्यांनी शाळा-महाविद्यालयांत घातला, तोही परत मिळण्याची हमी नसताना. शहापूरच्या महाविद्यालयावर ज्यांचं नाव आहे त्यांच्या कृतीतच माझ्या म्हणण्याचा आधार आहे.

प्रत्येक धंद्याला हे भांडवल लागतं असं मी म्हणत नाही. धानाची गिरणी, किराणा, ट्रॅक्टरची दुरुस्ती यांना बँकेचं कर्ज पुरतं आणि तेच बरं. पण कोशाचा धागा काढणारं नवं यंत्र, तलावातल्या मासळीचा आजार आधी ओळखणारं उपकरण, तांदळातला खडा आणि तुकडा स्वस्तात निवडणारा कॅमेरा, अशा गोष्टींना तारण नसतं आणि पहिली दोन वर्षं उत्पन्नही नसतं. सरकारनं २०१६ साली स्टार्टअप इंडिया जाहीर करताना सिडबीमार्फत १० हजार कोटींचा निधी ठेवला. तो इतर फंडांना मिळतो आणि ते फंड चालत्या कंपन्यांकडे पाहतात. अडतं ते त्याआधी, पहिल्या पाच-दहा लाखांसाठी आणि जाणत्या माणसाच्या आठवड्यातल्या एका संध्याकाळीसाठी.

ती संध्याकाळ द्यायला कॅलिफोर्नियाहून कोणी येण्याची गरज नाही. आयुध निर्माणीतून निवृत्त झालेले अभियंते इथेच राहतात, वरठीच्या पोलाद कारखान्यात आयुष्य घालवलेले आहेत, गिरण्या चालवून सुखवस्तू झालेले आहेत. त्यांचा शिल्लक पैसा आज सोन्यात आणि महामार्गालगतच्या प्लॉटमध्ये पडून आहे. अशा दहा जणांनी एकत्र यावं, प्रत्येकानं बुडाला तर रडणार नाही एवढाच पैसा काढावा, महाविद्यालयातल्या शेवटच्या वर्षाच्या मुलांचे प्रकल्प परीक्षकाच्या नव्हे तर भागीदाराच्या नजरेनं पाहावेत, आणि वर्षाला दोघातिघांच्या कामात वाटा घ्यावा. पहिल्या पाच वर्षांत बहुतेक पैसा जाईल, हे त्यांनी पहिल्याच बैठकीत एकमेकांना सांगून टाकावं आणि मगच पहिला धनादेश लिहावा.