केसपेपरवर फक्त ‘पुरळ’ लिहिले आहे का? एकदा तपासून पाहा

अंगावर पुरळ आले, औषधाने ते गेले, की केसपेपरवर काय लिहिले होते हे सहसा कोणी पाहत नाही. पण आभा क्रमांकाला जोडल्या जाणाऱ्या डिजिटल नोंदी आणि आरोग्य विम्याचे दावे यांमुळे त्या एका ओळीचे महत्त्व आता वाढले आहे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या ‘आयसीडी’ वर्गीकरणात आजारांना कोड दिलेले असतात. आयसीडी-१० मध्ये ‘आर २१’ म्हणजे कारण न ठरलेले पुरळ. हे लक्षण आहे, निदान नव्हे. गजकर्णाचा कोड बी ३५, अंगावर पित्त उठण्याचा एल ५० आणि औषधामुळे अंगभर आलेल्या पुरळाचा एल २७.०. पहिल्या भेटीत कारण स्पष्ट नसेल तर आर २१ लिहिणे योग्यच आहे. अडचण होते ती कारण कळल्यावरही नोंद तशीच राहिली तर.

सर्वांत मोठा धोका औषधाच्या ॲलर्जीत असतो. कोणत्या गोळीने पुरळ आले हे लिहिलेले नसेल, तर पुढच्या आजारपणात दुसरे डॉक्टर तीच गोळी देऊ शकतात आणि तेव्हाची रिॲक्शन अधिक गंभीर असू शकते. नुसता कोडही पुरेसा नाही, कारण त्यात गोळीचे नाव नसते.

दुसरा प्रश्न विम्याचा. विमा नियामक आयआरडीएआयने २०२४ मध्ये आधीपासूनच्या आजारांसाठीचा प्रतीक्षा कालावधी चारऐवजी जास्तीत जास्त तीन वर्षांवर आणला. त्यामुळे त्रास कधी सुरू झाला, ही तारीख महत्त्वाची ठरते. ‘जुना त्रास’ अशी मोघम नोंद वादाला कारण होऊ शकते.

तुम्ही एवढे करा:

• पुरळ कधी आले आणि त्याआधी कोणती औषधे घेतली, हे डॉक्टरांना खरे सांगा. पुरळाचा फोटो काढून ठेवा.
• औषधाची ॲलर्जी ठरली, तर औषधाचे नाव डिस्चार्ज कार्डवर लिहून मागा.
• निदान बदलले असेल तर नोंद दुरुस्त करण्याची विनंती करा. मात्र दावा मंजूर व्हावा म्हणून वेगळे निदान लिहायला सांगू नका.

पुरळासोबत ताप, तोंडात किंवा डोळ्यांत फोड, कातडी सुटणे किंवा श्वासाचा त्रास असेल, तर कागदपत्रांसाठी थांबू नका. लगेच रुग्णालय गाठा. चालू औषधे सोबत न्या.