‘वरून वाढले’ म्हणजे कुणी वाढवले?

महिन्याची दहा तारीख उलटली की आमच्या गल्लीत केबलचा पोरगा वही घेऊन येतो. परवा तो शेजारच्या वहिनींच्या दारात उभा होता. वहिनी चार घरची धुणीभांडी करतात, त्यांना रुपयाला रुपयाचा हिशेब लागतो. त्या म्हणाल्या, “काय रं, मागल्या महिन्यापरीस तीस रुपये जादा कसं?” पोरगा म्हणाला, “मावशी, मी काय करू? वरून वाढले.” वहिनींनी पैसे दिले. पावती त्याने दिली नाही, वहिनींनी मागितली नाही. तो पुढच्या दाराशी गेल्यावर त्या मला म्हणाल्या, “ताई, हे ‘वर’ म्हंजी नेमकं कोण हो?”

भगिनींनो, प्रश्न साधा आहे. पण आपण तो कधी विचारीत नाही. तीस रुपये महिन्याचे, म्हणजे वर्षाचे तीनशे साठ. एका पोराच्या वह्या येतात तेवढ्यात. तेव्हा हे ‘वर’ कोण ते आज पाहू.

आपण दिलेल्या पैशाला तीन वाटेकरी असतात. पहिला वाहिनीचा मालक, जो मालिका नि सामने दाखवतो. दुसरी मोठी केबल कंपनी किंवा छत्रीवाली कंपनी, जी त्या वाहिन्या एकत्र करून पाठवते. तिसरा आपल्या गल्लीतला केबलवाला, जो वायर ओढतो आणि वसुली करतो. भांडण असते ते कुणाच्या हाती किती राहावे याचे.

हे भांडण जुने आहे. १९९१-९२ च्या सुमारास उपग्रह वाहिन्या आल्या, गच्चीगच्चीवर छत्र्या बसल्या. पुढे वाहिन्या पैसे मागू लागल्या, तेही घरामागे. आता घरे मोजणार कोण? केबलवाला आकडा कमी सांगायचा, वाहिनीवाला म्हणायचा तू घरे लपवतोस. जमले नाही की वाहिनी बंद. घरात बसलेल्या माणसाला कारणसुद्धा कळायचे नाही. १९९५ साली केबलचा कायदा झाला. २००४ च्या जानेवारीत या धंद्यावर देखरेख करण्याचे काम ‘ट्राय’ या सरकारी नियामक संस्थेकडे आले. ३१ ऑक्टोबर २०१२ नंतर मुंबईत डब्याशिवाय केबल दिसेनाशी झाली. डब्यामुळे घरे मोजता येऊ लागली. लोकांना वाटले, भांडण मिटले. घरांच्या आकड्याचे मिटले खरे, दराचे तसेच राहिले.

२०१९ च्या फेब्रुवारीपासून नवी पद्धत आली. प्रत्येक वाहिनीची सुटी किंमत जाहीर करायची आणि ग्राहकाने हवी ती निवडायची. वायरीचे म्हणून १०० वाहिन्यांपर्यंत जास्तीत जास्त १३० रुपये, कर धरून १५३ रुपये ४० पैसे. पैशाच्या वाहिन्यांचे दाम त्याच्यावर वेगळे. ज्या वाहिनीची किंमत १९ रुपयांच्या वर, ती गठ्ठ्यात बांधून विकायची नाही. २०२० च्या नियमाने ट्रायने ही मर्यादा १९ वरून १२ वर आणली. वाहिनीवाले मुंबई उच्च न्यायालयात गेले. जून २०२१ मध्ये न्यायालयाने नव्या नियमांचा बराचसा भाग कायम ठेवला. तरी ओढाताण चालूच राहिली आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये ट्रायने मर्यादा परत १९ केली.

मग फेब्रुवारी २०२३ उजाडला. वाहिन्यांनी नवे दर आणले, नव्या करारावर सह्या मागितल्या. मोठ्या केबल कंपन्यांच्या संघटनेने नकार दिला. १८ फेब्रुवारीच्या सुमारास डिस्ने स्टार, झी आणि सोनी यांनी सह्या न करणाऱ्यांना आपल्या वाहिन्या देणे थांबवले. केबल संघटनेच्या म्हणण्याप्रमाणे देशातली साडेचार कोटी घरे यात सापडली. काही दिवसांत तडजोड झाली, सह्या झाल्या, वाहिन्या परत दिसू लागल्या.

दोघांचेही म्हणणे अगदीच खोटे नव्हते. वाहिनीवाले म्हणत होते, खर्च वाढला, दर कित्येक वर्षे अडकून पडले. केबलवाले म्हणत होते, लोक आधीच मोबाईलकडे नि फुकटच्या छत्रीकडे चालले आहेत, दर वाढवले तर उरलेलेही जातील. पण ज्या बाईने महिन्याचे पैसे आधीच मोजले होते, तिला कुणी विचारले का? तिने कोणता करार मोडला होता? तरी पडदा काळा झाला तो तिच्याच घरातला.

आता २०२४ च्या जुलैत ट्रायने वायरीच्या आकारावरची वरची मर्यादाही काढली. हा आकार किती घ्यायचा ते आता कंपनीच ठरवते. म्हणून ‘वरून वाढले’ एवढ्या उत्तरावर पैसे देणे परवडणारे नाही.

मी वहिनींना चार गोष्टी सांगितल्या. पावती मागा, तो आपला हक्क आहे. वायरीचे किती नि वाहिन्यांचे किती, हे वेगवेगळे लिहून मागा. घरात खरोखर कोण काय पाहते ते एका कागदावर उतरवा आणि सुट्या वाहिन्यांची बेरीज गठ्ठ्याच्या किमतीशी ताडून पाहा. कधी गठ्ठा स्वस्त पडतो, कधी सुटे. आणि कमी वाहिन्यांत भागत असेल तर दूरदर्शनच्या फ्री डिशचा विचार करा. छत्री नि डबा एकदा घ्यावा लागतो, महिन्याचे भाडे नाही. मात्र पैशाच्या वाहिन्या तिथे दिसत नाहीत, हे आधी समजून घ्या.

पाचवी गोष्ट वहिनींनीच सांगितली. “त्या पोरावर नाय चिडायचं ताई. त्यो बी आपल्यावानीच पगारावर राबतोय.” खरे आहे. दर ठरवणाऱ्यांच्या बैठकीत त्याला काही खुर्ची नसते.

त्या रात्री वहिनींच्या सातवीतल्या मुलीने कागद-पेन्सिल घेतली. घरात मोजून सहा वाहिन्या पाहिल्या जातात असे निघाले. पैसे जात होते ते कितीतरी जास्त वाहिन्यांचे. कागद आता भिंतीवरच्या दिनदर्शिकेला टाचणीने लावला आहे. दहा तारखेला पोरगा आला की त्याच्या हाती तो द्यायचा नि पावती घ्यायची, असे ठरले आहे.

तुमच्या वस्तीत केबलचे किती घेतात आणि पावती मिळते का, ते पोस्टकार्डावर दोन ओळीत जरूर कळवा.